विमा कंपन्यांकडील थकीत बिले लवादाकडे नेताना: मुंबईतील रुग्णालयांसाठी मार्गदर्शन

विमाधारक रुग्ण बरा होऊन घरी जातो, अंतिम मंजुरीचे पत्र फाइलला लागते आणि काही आठवड्यांनी बँकेत जमा होणारी रक्कम मात्र मंजूर आकड्यापेक्षा कमी भरते, हा अनुभव मुंबईतील नर्सिंग होमच्या हिशेबनिसांना नवा नाही. एकेका बिलातील कपात पाच-दहा हजारांची असते, म्हणून तिच्याकडे काणाडोळा होतो. वर्ष-दोन वर्षांनी हिशेब जुळवताना एकाच कंपनीकडे पंधरा-वीस लाख रुपये अडकल्याचे दिसते आणि तेव्हा कुणीतरी करारातील लवादाच्या कलमाकडे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी नेमलेल्या तटस्थ व्यक्तीकडून (लवादाकडून) सोडवून घेण्याच्या तरतुदीकडे, बोट दाखवते. ते कलम कसे वापरावे, हे पुढे मांडले आहे. त्यात कायद्याइतकाच भर बिलांच्या छाननीवर दिसेल, आणि तो जाणूनबुजून दिला आहे. लवादासमोर प्रकरण टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा नोटीस पाठवण्याआधी हिशेबाच्या टेबलावरच ठरलेले असते.

वाद कुणाचा, हे आधी ठरवावे

रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यामध्ये दोन वेगळे कागद असतात. पॉलिसी हा रुग्ण आणि कंपनी यांच्यातील करार असून रुग्णालय त्यात पक्षकार नसते. दुसरा कागद म्हणजे रुग्णालय, विमा कंपनी आणि बहुधा टीपीए (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी त्रयस्थ संस्था) यांच्यातील एमओयू, म्हणजे सामंजस्य करार. दरपत्रक, सवलत, बिल पाठवण्याची मुदत आणि पैसे देण्याची मुदत त्यात लिहिलेली असते. आजार आधीपासून होता, प्रतीक्षा कालावधी संपला नव्हता, पॉलिसीत हा उपचार बसतच नाही, अशा कारणांनी दावा सुरुवातीलाच नाकारला गेला असेल, तर तो वाद रुग्णाचा आहे. मंजुरी देऊन नंतर कापलेली रक्कम, ठरलेल्या दरापेक्षा कमी दिलेली रक्कम, मुदतीनंतर दिलेली रक्कम आणि जुन्या दाव्याची परस्पर केलेली वसुली, हे वाद रुग्णालयाचे आहेत, कारण ती वचने रुग्णालयाला दिलेली होती.

हा भेद न केल्यास चुकीचे दार ठोठावले जाते. विमा लोकपालाची यंत्रणा विमाधारकासाठी आहे. एमओयूखालील थकबाकी घेऊन रुग्णालय तिथे जाऊ शकत नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २७ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने व्यक्तिगत ग्राहकांच्या सर्वसाधारण विमा पॉलिसींमधून लवादाचे कलम काढून टाकायला लावले, ते वाचून काही रुग्णालयांचा असा समज झाला की आता आरोग्य विम्यात लवाद राहिलाच नाही. ते परिपत्रक पॉलिसीबाबत आहे. एमओयूमधील लवादाचे कलम त्यामुळे बाधित होत नाही.

करार बाहेर काढावा आणि पूर्ण वाचावा

सांगायला सोपी वाटणारी ही पायरी प्रत्यक्षात वेळ खाते. सही केलेला मूळ एमओयू, त्याची नूतनीकरणाची पत्रे, दरपत्रकाची परिशिष्टे आणि दरवाढ मान्य केल्याच्या ईमेल, हे सर्व एकत्र करावे. सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या पीपीएन (ठरलेल्या दराने सेवा देणाऱ्या निवडक रुग्णालयांचे जाळे) व्यवस्थेत, जिची सुरुवात मुंबईसह काही महानगरांत २०१० च्या कॅशलेस वादाच्या काळात झाली, पॅकेज दर स्वतंत्र पत्राने मान्य केलेले असतात, आणि नेमके तेच पत्र फाइलमध्ये सापडत नाही. सही केलेली प्रत मिळतच नसेल तर टीपीएकडे ईमेलने ती मागावी. लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ७ नुसार लवादाचा करार लेखी असावा लागतो, मात्र ईमेलसह झालेल्या पत्रव्यवहारातूनही तो सिद्ध होऊ शकतो.

कलम वाचताना चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. लवादाकडे जाण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्यांशी वाटाघाटी किंवा तीस दिवसांचा सलोख्याचा टप्पा सांगितला आहे का? लवाद किती आणि ते कुणी नेमायचे? लवादाचे स्थान कोणते? आणि व्याज किंवा दाव्याची मुदत यांवर काही बंधन घातले आहे का? यांतले स्थान विशेष महत्त्वाचे आहे, कारण कोणत्या न्यायालयाची देखरेख राहील हे त्यावरून ठरते. न्यू इंडिया अॅश्युरन्सचे मुख्य कार्यालय आपल्या फोर्टमध्ये आहे, पण नॅशनलचे कोलकात्यात, ओरिएंटलचे दिल्लीत आणि युनायटेड इंडियाचे चेन्नईत आहे; करारात मुख्य कार्यालयाचे शहर लिहिलेले असेल तर उपचार, बिल आणि बँक खाते मुंबईचे असूनही अर्ज त्या शहरातील न्यायालयात करावा लागू शकतो.

दावा अमुक दिवसांत न आणल्यास हक्क संपेल, असे वाक्य दिसले तर लगेच हात टेकू नयेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २८ नुसार कायदेशीर मार्गाने हक्क बजावण्याची मुदत करारातून आखूड करता येत नाही. बिल पाठवण्याची मुदत ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती पाळली नसेल तर कंपनी तो मुद्दा नक्की उचलेल.

करारावर मुद्रांक शुल्क भरलेले नसेल तरी लवादाचे कलम रद्द ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही तो दस्त शुल्क भरल्याशिवाय पुराव्यात वाचला जात नाही, म्हणून महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखालील शुल्क आणि दंड आधीच भरून मोकळे होणे शहाणपणाचे.

एमओयूमध्ये लवादाचे कलमच नसेल तर हा मार्ग दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीनेच उघडतो. संमती न मिळाल्यास ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यावसायिक वाद म्हणून दावा दाखल करावा लागतो आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर त्याआधी व्यावसायिक न्यायालये अधिनियमाच्या कलम १२अ प्रमाणे मध्यस्थीचा टप्पा पार करणे बंधनकारक आहे.

बिलांचा तक्ता

खरे काम इथे आहे. प्रत्येक बिलासाठी एक ओळ असावी आणि तिच्यात दावा क्रमांक, दाखल व डिस्चार्जची तारीख, एकूण बिल, अंतिम मंजुरीची रक्कम व तारीख, बिल पाठवल्याचा पुरावा, एमओयूनुसार वजा होणारी सवलत, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर), जमा झालेली रक्कम, बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि कपातीसाठी दिलेले कारण, हे सर्व यावे. कारणाचा रकाना सेटलमेंट पत्रातून शब्दशः उतरवून घ्यावा. ‘अॅज पर टॅरिफ’, ‘रीझनेबल अँड कस्टमरी’ (वाजवी व प्रचलित दरापुरतेच), ‘क्वेरी नॉट रिप्लाइड’ (शंकेला उत्तर आले नाही), ‘नॉन-पेएबल’ अशी त्रोटक शेरेबाजी तिथे आढळते, आणि कंपनीने लवादासमोर नंतर सविस्तर कारण मांडले, तर त्या वेळचा शेरा काय होता हे दाखवणे फार उपयोगी पडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, दादरमधील एका नर्सिंग होमला शस्त्रक्रियेच्या बिलावर १,८६,००० रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली आणि बँकेत १,२८,४३० रुपये आले. हिशेबनीस पटकन वजाबाकी करून ५७,५७० रुपये थकीत लिहितो. ते चूक आहे. एमओयूप्रमाणे ५ टक्के सवलत, म्हणजे ९,३०० रुपये, रुग्णालयाने स्वतःच मान्य केलेली आहे. उरले १,७६,७०० रुपये. पूर्ण पैसे आले असते तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे १७,६७० रुपये, कापून १,५९,०३० रुपये जमा झाले असते. प्रत्यक्षात कंपनीने आधी ३४,००० रुपये ‘रीझनेबल अँड कस्टमरी’ म्हणून कापले, उरलेल्या १,४२,७०० रुपयांवर १४,२७० रुपये टीडीएस कापला आणि १,२८,४३० रुपये पाठवले. म्हणजे दावा ३४,००० रुपयांचाच आहे. टीपीएमार्फत होणाऱ्या रुग्णालयांच्या देयकांवर व्यावसायिक सेवांचा टीडीएस लागतो हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००९ च्या परिपत्रकातच सांगितले आहे, आणि ती रक्कम रुग्णालयाच्या नावे सरकारकडे जमा होते. फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराचा प्राप्तिकर खात्याकडील उतारा, शेजारी ठेवून तक्ता तपासला की फुगलेली थकबाकी बरीच खाली येते. ती खाली आलेली पाहून संचालकांचा चेहरा पडतो खरा, पण हा आकडा उलटतपासणीत कोसळत नाही.

याच तक्त्यातून आणखी एक प्रकारची बिले वगळावी लागतात. कंपनीने कापलेली रक्कम डिस्चार्जच्या वेळी किंवा नंतर रुग्णाकडून घेतली असेल, तर तीच पुन्हा कंपनीकडे मागता येत नाही. ग्लोव्ह्ज, डिस्पोजेबल आणि तत्सम देय नसलेल्या वस्तूंची यादी ठरलेली असते आणि त्यांचे पैसे बहुतेक वेळा रुग्णाने दिलेले असतात. खोलीचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे झालेली प्रमाणशीर कपातही याच जातीची आहे. मंजुरीपत्रात ती दाखवलेली असेल तर त्यावर भांडण्यात अर्थ नाही. अशी दोन-चार बिले तक्त्यात राहून गेली तर समोरचा वकील नेमकी तीच आधी उघडतो आणि उरलेल्या तक्त्याच्या विश्वासार्हतेलाही तडा जातो.

उरलेल्या बिलांचे गट पाडावेत. सर्वांत भक्कम गट अंतिम मंजुरीनंतर, कोणतीही नवी माहिती पुढे आलेली नसताना, झालेल्या कपातीचा. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकाने कॅशलेसची प्राथमिक मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याची अपेक्षा घातली आहे. या घाईत मंजुरी आधी द्यायची आणि कागद नंतर तपासायचे, असा कंपन्यांचा कल असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण त्या मंजुरीवर विसंबून रुग्णालयाने रुग्णाला पैसे न घेता सोडलेले असते, आणि लवादासमोर हाच मुद्दा ठासून मांडायचा असतो. दुसरा गट दरपत्रकाच्या वादाचा. इथे कोणत्या तारखेला कोणते दर लागू होते, हे कागदाने दाखवावे लागते. तिसरा गट विलंबाचा: वेळेवर पैसे मिळतील या अटीवरच सवलत दिलेली असेल, तर मुदत चुकलेल्या बिलांवरील सवलत परत मागता येते, मात्र तशी अट करारात लिहिलेली हवी. चौथा गट परस्पर वसुलीचा, जिथे जुन्या दाव्यात जादा पैसे गेले असे सांगून नव्या बिलांतून ते कापले जातात. करारात तसा अधिकार दिला आहे का, आणि वसुलीआधी लेखी कळवले होते का, हे पाहावे. आणि कपातीचे कारण ‘क्वेरी नॉट रिप्लाइड’ असेल तर आधी आपल्याच टीपीए डेस्कचा ईमेल उघडावा. उत्तर खरोखर गेले नसेल, तर ते बिल बाजूला काढणे बरे.

मुदत

लवादाला मुदतीचा कायदा लागू आहे आणि सर्वसाधारणपणे रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे मोजली जातात. प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्र धावते. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही, हे अनेकांना पटत नाही, पण कायदा तसाच आहे. कंपनीने मुदत संपण्याआधी सहीनिशी लेखी थकबाकी मान्य केली तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. म्हणून खाते जुळवणीच्या बैठकीनंतर दोन्ही बाजूंच्या सहीचे टिपण करून घेण्याचा आग्रह धरावा. तक्त्यात शेवटचा रकाना मुदत संपण्याच्या तारखेचा असावा आणि सर्वांत जुन्या बिलाची तारीख पाहूनच पुढचे वेळापत्रक आखावे.

नोटीस

करारात सांगितलेले वाटाघाटीचे टप्पे आधी पूर्ण करावेत आणि ते पूर्ण केल्याचा कागद ठेवावा. ही निव्वळ औपचारिकता नसते. तक्ता स्वच्छ असला तर कंपनीचा प्रोव्हायडर नेटवर्क विभाग कित्येकदा दरपत्रकाच्या चुका याच टप्प्यावर मान्य करतो आणि वादाची रक्कम कमी होते.

त्यानंतर लवाद अधिनियमाच्या कलम २१ ची नोटीस. हा वाद लवादाकडे सोपवावा, अशी मागणी प्रतिपक्षाला ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असे कायदा मानतो आणि मुदतीचे घड्याळ तिथे थांबते. म्हणून नोटीस पोचल्याचा पुरावा मजकुराइतकाच मोलाचा आहे. करारातील पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि करारातील ईमेलवरही पाठवावी. नोटिशीत करार आणि लवादाचे कलम, थकीत रक्कम, सोबत तक्ता, व्याजाची मागणी आणि लवाद म्हणून सुचवलेले नाव असावे. थकबाकी मागणारी वकिली नोटीस आणि लवादाची मागणी करणारी नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अन्यथा कायदेशीर कारवाई करू’ असे लिहिलेल्या पत्राने कलम २१ ची पूर्तता होत नाही.

नोटीस कुणाला? दावा मंजूर किंवा नामंजूर करण्याची आणि पैसे देण्याची जबाबदारी विमा कंपनीची आहे. टीपीए तिच्या वतीने काम करतो. म्हणून मुख्य प्रतिपक्ष विमा कंपनी, आणि करार त्रिपक्षीय असेल तर टीपीएलाही सामील करावे, कारण कागद त्याच्याकडेच असतात. एकाच टीपीएमार्फत पाच कंपन्यांची बिले थकली असतील, तर सर्वांना एकाच नोटिशीत कोंबू नये. प्रत्येक कंपनीशी करार वेगळा, वाद वेगळा आणि नोटीसही वेगळी.

लवादाची नेमणूक

अनेक जुन्या एमओयूंत विमा कंपनीचा अमुक अधिकारी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती लवाद असेल, असे लिहिलेले आढळते. अधिनियमाच्या कलम १२(५) आणि सातव्या अनुसूचीमुळे पक्षकाराचा कर्मचारी लवाद होऊ शकत नाही, आणि जो स्वतः अपात्र तो दुसऱ्याला एकट्याने नेमूही शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात हे तत्त्व आणखी पक्के केले: एका पक्षाला एकतर्फी लवाद नेमू देणारे कलम समानतेला बाधक ठरते आणि सार्वजनिक उपक्रमाने आपल्या पॅनेलमधूनच नाव निवडण्याची सक्ती दुसऱ्यावर करू नये. तरीही कंपनीने स्वतःचे नाव कळवले, तर लगेच लेखी हरकत घ्यावी. ही अपात्रता केवळ वाद उद्भवल्यानंतर झालेल्या स्पष्ट लेखी कराराने माफ होते, म्हणून लवादाच्या पहिल्या बैठकीत पुढे आलेल्या छापील संमतिपत्रावर न वाचता सही करू नये.

नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत एकमत झाले नाही तर कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. स्थान मुंबई असेल तर मुंबई उच्च न्यायालयात. या टप्प्यावर न्यायालय मुख्यतः लवादाचा करार अस्तित्वात आहे का, एवढेच पाहते. ‘रुग्णालयाने पूर्ण व अंतिम रक्कम मिळाल्याची पावती दिली आहे, आता वादच उरला नाही’ असा बचाव कंपनीने घेतला, तर त्याचा निर्णय लवादाने करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एसबीआय जनरल विरुद्ध क्रिश स्पिनिंग प्रकरणात म्हटले आहे. पावती दबावाखाली दिली असेल तर ते सिद्ध करण्याचा भार रुग्णालयावर राहतो, त्यामुळे अशा पावत्यांवर ‘हक्क राखून’ असे लिहिण्याची सवय बिलिंग विभागाला आजच लावावी.

दोन्ही बाजू तयार असतील तर संस्थेमार्फत लवाद नेमता येतो. नरिमन पॉइंटला मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन २०१६ पासून आहे आणि चर्चगेटच्या आयएमसी चेंबरकडेही लवादाची सोय आहे. वीस-पंचवीस लाखांच्या वादासाठी मला एकच लवाद आणि कलम २९ब ची जलद प्रक्रिया अधिक योग्य वाटते. तिच्यात लेखी कागदांवर निर्णय होतो, तोंडी सुनावणी गरजेपुरतीच असते आणि निवाडा सहा महिन्यांत द्यायचा असतो. बिलांच्या वादाला साक्षीदारांची फौज लागत नाही. या प्रक्रियेला दोन्ही पक्षांची लेखी संमती लागते. कंपनी ती देईलच असे नाही, पण मागायला हरकत नाही.

खर्च

तडजोड करायची की नाही, हे खर्चाच्या गणितावरून ठरते, म्हणून ते आधी मांडावे. अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत लवादाच्या शुल्काचा नमुना आहे: ५ लाखांपर्यंतच्या वादासाठी ४५,००० रुपये, ५ ते २० लाखांसाठी ४५,००० अधिक ५ लाखांवरील रकमेच्या ३.५ टक्के, २० लाख ते १ कोटीसाठी ९७,५०० अधिक २० लाखांवरील रकमेच्या ३ टक्के, आणि एकच लवाद असेल तर त्यावर आणखी २५ टक्के. वाद १८,४०,००० रुपयांचा असेल तर ४५,००० अधिक ४६,९०० मिळून ९१,९०० होतात; एकच लवाद असल्याने त्यात २२,९७५ रुपये वाढून १,१४,८७५ रुपये. ही रक्कम सामान्यतः दोन्ही बाजू निम्मी-निम्मी भरतात आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा असा आदेश लवाद कलम ३१अ खाली करू शकतो. दोन्ही पक्षांनी लवादाशी वेगळे शुल्क ठरवले तर तेच लागू होते, आणि उच्च न्यायालयाने नेमणूक केली तर त्याचे २०१८ चे शुल्क नियम पाहावे लागतात. वकिलाचे शुल्क अर्थातच निराळे. तीन-चार लाखांच्या थकबाकीसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. अशी बिले वाटाघाटीत वसूल करावीत किंवा पुढच्या दाव्यांसोबत, मुदत सांभाळून, एकत्र आणावीत.

सूक्ष्म व लघु उद्योगांचा दुसरा रस्ता

नर्सिंग होमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु सेवा उद्योग म्हणून झालेली असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) अधिनियमाखाली, अशा उद्योगांच्या थकीत देण्यांचे वाद हाताळणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाण्याचा विचार करता येतो. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी वाढल्याने मुंबईतील बहुसंख्य नर्सिंग होम तिच्यात बसतात. आकर्षण मोठे आहे: पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज, आणि निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. खासगी करारात लवादाचे कलम असले तरी हा कायदा त्यावर मात करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात ठरवले. त्याच निकालाने हेही सांगितले की सेवा दिल्यानंतर नोंदणी करून मागील बिलांसाठी लाभ घेता येत नाही.

पण इथे एक अडथळा आहे. सेवा रुग्णाने घेतली, आम्ही फक्त त्याच्या वतीने पैसे देतो, तेव्हा आम्ही कायद्याच्या व्याख्येतील ‘खरेदीदार’ नाही, असा आक्षेप विमा कंपनी घेऊ शकते, आणि तो पोकळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. एमओयूमध्ये कंपनीने थेट रुग्णालयाला मोबदला देण्याचे कबूल केले आहे आणि त्याबदल्यात सवलतीचा लाभ घेतला आहे, हे त्यावरचे उत्तर. करारातील लवादाचे कलम सरळ आणि स्थान मुंबई असेल, तर या वादात वर्ष घालवण्यापेक्षा कराराचाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे.

सुनावणी

दाव्याचे निवेदन लहान असावे आणि तक्ता त्याचा कणा असावा. प्रत्येक ओळीमागे चार कागद लावावेत: मंजुरीपत्र, अंतिम बिल, ते पोचल्याची पोच आणि सेटलमेंट पत्र. शंभर बिले असतील तर सर्वांचे इनडोअर पेपर (रुग्ण दाखल असतानाच्या उपचारांची कागदपत्रे) सुरुवातीलाच ओतू नयेत. प्रत्येक गटातील दोन-तीन नमुना बिले सविस्तर मांडून उरलेली त्याच धर्तीवर पाहावीत अशी विनंती लवादाकडे करता येते. इम्प्लांटच्या वादात मात्र स्टिकर आणि खरेदीचे इनव्हॉइस प्रत्येक बिलाला हवेच. लवादाला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू नसला, तरी पोर्टलवरील नोंदी आणि ईमेलसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडून ठेवावे. त्याला फार कष्ट पडत नाहीत आणि एक आक्षेप कमी होतो.

रुग्णांची नावे झाकून दावा क्रमांकाने ओळख ठेवावी. लवादाच्या कार्यवाहीची गोपनीयता लवाद अधिनियमाच्या कलम ४२अ ने सांगितलेली आहे, तरी रुग्णाच्या आजाराची माहिती हा वेगळा विश्वास आहे आणि तक्ता कित्येक हातांतून फिरतो.

कंपनीच्या बाजूने येणारे बचाव ठरावीक असतात. दर अवाजवी आहेत, याला उत्तर मान्य दरपत्रक. दाखल होण्याची गरज नव्हती, याला उत्तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या त्या वेळच्या नोंदी. नंतर लिहून दिलेल्या प्रमाणपत्राला फारसे वजन मिळत नाही. रुग्णालयाची महापालिकेकडील नोंदणी त्या काळात संपलेली होती, हा बचाव सर्वांत अडचणीचा, म्हणून महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील प्रमाणपत्राच्या तारखा नोटिशीआधीच तपासाव्यात. जादा पैसे दिल्याचा प्रतिदावाही येऊ शकतो. त्यावर लवादाचे शुल्क स्वतंत्र मोजले जाते.

नेटवर्कमधून काढून टाकतील, ही भीती अनेक डॉक्टरांना लवादापासून दूर ठेवते. ती निराधार नाही. करारात नोटिशीचा कालावधी असेल आणि तो न पाळता कॅशलेस बंद केले गेले, तर कलम ९ खाली न्यायालयाकडे अंतरिम आदेश मागता येतो. आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते. नोटिशीचा कालावधी पाळून करार संपवला गेला तर मात्र फारसे काही करता येत नाही. म्हणून त्या कंपनीकडून वर्षाकाठी किती काम येते आणि त्यातले किती पैसे प्रत्यक्ष हातात पडतात, हे दोन आकडे भागीदारांनी आधी समोर ठेवावेत.

निवाडा आणि वसुली

नेहमीच्या प्रक्रियेत लवादाच्या नेमणुकीपासून सहा महिन्यांत निवेदने पूर्ण व्हावीत आणि त्यानंतर बारा महिन्यांत निवाडा यावा, अशी कायद्याची चौकट आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी सहा महिने वाढतात, पुढची वाढ न्यायालय देते. मधल्या काळात तडजोड झाली तर ती कलम ३० खाली निवाड्याच्या स्वरूपात नोंदवून घ्यावी, म्हणजे ठरलेले पैसे न आल्यास नव्याने वाद घालावा लागत नाही. तडजोडीत टीडीएस, सवलत आणि व्याज यांचे आकडे वेगवेगळे लिहावेत. ‘एकूण रक्कम’ असे मोघम लिहिले की पैसे जमा होताना पुन्हा कपातीचा घोळ सुरू होतो.

निवाड्यात व्याजाचा दर सांगितला नसेल, तर निवाड्याच्या दिवशी प्रचलित असलेल्या दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज निवाड्याच्या तारखेपासून लागते. त्याआधीच्या काळाचे व्याज मागितले तरच मिळते, आणि करारात त्यावर बंदी नसावी लागते. निवाड्याला न्यायालयात आव्हान देण्यासाठी कंपनीला तीन महिने आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी तीस दिवस मिळतात. कलम ३४ खालील कारणे मोजकी आहेत. लवादाने पुराव्याचा अर्थ वेगळा लावायला हवा होता, एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही. तसा अर्ज दाखल झाल्याने अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि न्यायालय तिच्यासाठी रक्कम भरण्याची अट घालू शकते. ती रक्कम न्यायालयात जमा झाली, तर योग्य हमी देऊन ती काढून घेण्याचा अर्ज रुग्णालयाने वेळ न दवडता करावा.

मुदत उलटली, अर्ज आला नाही आणि पैसेही आले नाहीत, तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे निवाड्याची अंमलबजावणी होते. त्यासाठी निवाड्याची मुद्रांकित, सही असलेली प्रत आणि व्याजाचा अद्ययावत तक्ता वकिलाकडे द्यावा. पैसे जमा झाल्यावर हिशेबनिसाने त्यांची नोंद एकरकमी न करता मूळ बिलांच्या ओळींसमोर वाटून करावी आणि त्या वर्षाच्या २६एएसशी जुळवून घ्यावी.